कुठल्या शब्दावरून?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकांच्या सदरात गेल्या काही दिवसांत एकाच सुराची दोन-तीन पत्रं आली. कॉलेजातली मुलं वाचत नाहीत, मोबाइलमध्ये बुडालीत, मराठी विषय नुसता पास होण्यापुरता घेतात, असं त्यांत होतं. लिहिणाऱ्यांची कळकळ खरी आहे, हे मला पटतं. पण मी माणदेशातल्या एका तालुक्याच्या गावी २४ वर्षं मराठी शिकवते आहे. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला येणारी मुलं मी रोज समोर पाहते, म्हणून दुसरी बाजू सांगायला हे पत्र लिहिते. मुलं वाचत नाहीत हे अर्धंच झालं. न वाचता साहित्यावर लिहायचं कसं, हे त्यांना आम्ही शिकवतो. नीट, पद्धतशीर, तीन वर्षं शिकवतो.

हे मला ज्या दिवशी कळलं तो दिवस मी विसरलेले नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. तृतीय वर्षाची एक मुलगी, अक्षर मोत्यासारखं, कादंबरीच्या पेपरात तिला वर्गात सगळ्यांत जास्त गुण. तोंडी परीक्षेला ती समोर बसली. मी सहज विचारलं, कादंबरीतलं कुठलं माणूस तुला जवळचं वाटलं? ती गप्प. मग कथानक कुठून सुरू होतं ते विचारलं. तेही येईना. शेवटी तिने मान वर करून अगदी निर्मळपणे सांगितलं, "मॅडम, पुस्तक नाही वाचलं. तुम्ही नोट्स दिल्या होत्या ना, मग वाचायचं कशाला?" तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. मी तिला जे दिलं होतं ते तिने मनापासून घेतलं होतं. कथानक, व्यक्तिरेखा, वातावरण, भाषाशैली, वैशिष्ट्यं असे पाच मथळे, प्रत्येकाखाली सहा-सात वाक्यं. मी वाचून दाखवायची, मुलांनी भरभर उतरवून घ्यायचं. त्या रात्री मला झोप लागली नाही. एवढी वर्षं मी पुस्तकाच्या आणि पोरांच्या मध्ये उभी होते, हे उमगलं.

तेव्हापासून पहिल्या वर्षाचा पहिला महिना मी वेगळा चालवते. त्यातला एकच तास इथे सविस्तर सांगते.

जुलै महिना. पटावर ६२ नावं, वर्गात ३१ मुलं. उरलेली काही पेरणीला, काही कुठे कामाला, काहींची प्रवेशाची कागदपत्रं अजून अडकलेली. मुली जास्त. त्यांतल्या निम्म्या एसटीने येणाऱ्या आणि पावणेदोनची गाडी चुकली की पुढची थेट पाचला, त्यामुळे आमचा तास घड्याळापेक्षा एसटीवर चालतो. मी प्रत्येकाच्या हातात एक झेरॉक्स दिली. आठ ओळींची कविता. वर नाव नाही, खाली कवी नाही. एकीला ती शाळेत पाठ केल्याचं आठवलं. तिला म्हटलं, बाई, नाव मनातच ठेव.

ही कविता बालकवींची 'औदुंबर'. आपल्या बहुतेक वाचकांना ती तोंडपाठ असेल. आठ ओळींत बेटाबेटांतून वाहणारा एक झरा, चार घरांचं गाव, शेतमळ्यांची हिरवी गर्दी, एक पायवाट, एक काळा डोह आणि शेवटी पाण्यात पाय टाकून बसलेला औदुंबर. या आठ ओळींवर मराठीत इतक्या जणांनी लिहिलंय की त्या लेखांचा ढीग कवितेच्या कितीतरी पट होईल. आमच्या मुलांना त्यातलं काही माहीत नसतं, आणि पहिल्या दिवशी ते नसलेलंच बरं.

आधी मोठ्याने तीनदा वाचायची, तीन वेगवेगळ्या आवाजांत. मग ज्या शब्दापाशी थांबावंसं वाटलं त्याखाली पेन्सिलने रेघ मारायची. मग पाच वाक्यं लिहायची. अट एवढीच, की 'सुंदर', 'अप्रतिम', 'वैशिष्ट्यपूर्ण' आणि 'निसर्गवर्णन' हे चार शब्द वापरायचे नाहीत. पहिल्या वर्षी मी ही अट घातली नव्हती. तेव्हा जवळजवळ सगळ्या कागदांवर पहिलं वाक्य एकच आलं होतं, 'प्रस्तुत कवितेत कवीने निसर्गाचे सुंदर वर्णन केले आहे.' ही मुलं आळशी नव्हती. साहित्याबद्दल लिहायचं म्हणजे हे वाक्य लिहायचं, असं त्यांना आठवीपासून सांगितलं गेलं होतं. ते वाक्य लिहिलं की गुण पडतात, आणि कविता उघडायची गरज उरत नाही.

चार शब्द काढून घेतले की पहिली दहा मिनिटं वर्ग शांत होतो. पेनं चालत नाहीत. त्या शांततेला मी पूर्वी घाबरायचे, काहीतरी बोलून ती भरून काढायचे. आता गप्प बसते. दहा मिनिटांनी कुणाचं तरी पेन हलतं.

या वर्षी पहिला हात एका मुलाने वर केला. तो म्हणाला, हे टेंभूचं पाणी आल्यानंतरचं गाव आहे. वर्ग हसला. मी हसले नाही, कारण आमच्या भागात गेल्या काही वर्षांत टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी जिथे पोचलं तिथे खरोखरच हिरवं झालंय, आणि त्या पोराने कविता स्वतःच्या रानात नेऊन बघितली होती. मी विचारलं, "कुठल्या शब्दावरून?" तो म्हणाला, "हिरवी गर्दी. आधी गर्दी नव्हती, आता झालीय." मागच्या बाकावरून एकीने विचारलं, "मग झरा कुठल्या शब्दावरून कॅनॉल झाला? कॅनॉलला बेटं असतात का?" त्याने परत कागद बघितला आणि स्वतःच म्हणाला, "नाही. बेटाबेटांतून जातोय म्हणजे वाकडातिकडा, आपल्या मनाचा जातोय. कॅनॉल नव्हे." मी काही न सांगता एक अर्थ वर्गात मांडला गेला, तपासला गेला आणि मागे घेतला गेला. साहित्याच्या शिक्षणात याहून मोठं काही असेल असं मला वाटत नाही.

'बेट' शब्दावर मग गाडी अडली. पाण्यातलं बेट की बांबूचं बेट? वर्गातल्या कुणाच्या तरी मोबाइलवर मोल्सवर्थचा १८५७ सालचा मराठी-इंग्रजी कोश उघडला. दोन्ही अर्थ आहेत. मुलांना याचं फार आश्चर्य वाटलं, की कोशात दोन अर्थ असतात आणि दोन्ही चालू शकतात. त्यांच्या आतापर्यंतच्या परीक्षांत एकाच अर्थाला गुण होते.

पण खरा तास रंगला तो सातव्या ओळीवर. 'झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर.' एक मुलगी, बुजरी, प्रवेशाच्या दिवसापासून आवाजही ऐकला नव्हता, ती म्हणाली, "मॅडम, गोड कोण? पाणी गोड का काळिमा गोड?" वीस-बावीस वर्षं मी ही कविता शिकवत आले आणि 'गोड काळिमा' म्हणजे काळोखाची सुखद छटा असं सांगत आले. तिला तसंच सांगणार होते, तेवढ्यात तीच पुढे बोलली. "आमच्या वस्तीवर दोन विहिरी आहेत. एक मचूळ, एक गोडी. गोडीचं पाणी प्यायला, मचूळ जनावराला. म्हणून मला जळ गोड वाटलं. प्यायचं पाणी."

संपादक महाशय, ज्या भागात फेब्रुवारीपासून टँकरची वाट बघतात, तिथल्या मुलीच्या तोंडी 'गोड' हा शब्द पाण्याला लागतो तेव्हा त्यात लाडीगोडी नसते. त्यात घागर असते, चाल असते, आईची पाठ असते. ओळीची रचना बघितली तर तिचा प्रश्न बरोबर आहे. 'गोड' मध्ये बसलाय, दोन्हीकडे हात देऊन. पाण्याकडे लावा, काळिम्याकडे लावा. दोन्ही धरलं तर पिण्याजोग्या पाण्यावर पसरत चाललेली काळी छाया दिसते आणि ती छायाही बघवत राहते. ही गोष्ट मला कुठल्या संदर्भग्रंथाने सांगितली नव्हती. मी फळ्यावर ती ओळ लिहिली आणि तिच्या वाक्याखाली तिला सही करायला सांगितलं. तिने केली. हात थरथरत होता.

मग एकेक बांध फुटला. एकीने सगळे रंग मोजले. हिरवा, निळा-सावळा, परत हिरवा, पांढरा, परत हिरवा, काळा, काळिमा. "मॅडम, कविता हिरव्यातून काळ्यात जाते. पांढरी पायवाट मधला पूल आहे." एकजण म्हणाला, पायवाट अडवीतिडवी आहे, पण जाते कुठे? गावाकडे जात नाही, डोहाकडे जाते. त्यावर दुसरी म्हणाली, "आमच्यात पायवाट पाण्याकडे जाते ती कळशी घेऊन जाणाऱ्या बायकांच्या पायांनी पडते. या वाटेवर माणूसच नाही. गाव आहे, शेतं आहेत, वाट आहे, माणूस एक नाही." सगळ्यांनी कागद पुन्हा चाळला. खरंच नाही. आठ ओळींत माणसासारखं वागणारा एकच, तो औदुंबर. तो पाय टाकून बसलाय.

आणि शेवटचा 'असला'. 'पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.' प्रमाण भाषेत आपण 'असा हा औदुंबर' असं वाचतो. माणदेशी कानाला ते वेगळंच ऐकू येतं. "तो घरी बसला असंल" म्हणजे बसला असेल, नक्की माहीत नाही, अंदाज आहे. एका पोराने तसा अर्थ लावला, की कवीला औदुंबर नीट दिसत नाही, काळिम्यात तो बसला असावा असं वाटतंय. मी विचारलं, कुठल्या शब्दावरून? तो म्हणाला, "झाकळुनी." मी त्याला सांगितलं, की व्याकरणाने हा अर्थ टिकायला अवघड आहे, 'असला' आणि 'असंल' एक नव्हेत. पण 'झाकळुनी'वरून तू जे दिसणं-न दिसणं पकडलंस ते लिही, 'असंल' सोडून दे. चुकीच्या दारातून आत येऊन त्याने बरोबर खोली गाठली होती. त्याला हाकलून देणं मला शक्य नव्हतं, आणि दार चुकलंय हे न सांगणंही शक्य नव्हतं. शिकवणं म्हणजे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करणं. त्याला वेळ लागतो.

एकीने लिहिलं होतं, की हे कृष्णाकाठचं दत्ताचं औदुंबर असणार. तिथे आम्ही जरा घाई केली, कारण पावणेदोनला पाच मिनिटं राहिली होती.

तास संपताना मी कवीचं नाव सांगितलं. बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, जन्म १८९० साली धरणगावचा, मृत्यू १९१८ साली, भादली स्टेशनाजवळ रेल्वेच्या अपघातात. तिसावं वर्षही बघितलं नाही. झालं. दुसऱ्या दिवशीच्या कागदांत निम्म्या मुलांचा काळा डोह एकदम मृत्यू झाला होता. हे मी आधी सांगितलं असतं, तर ना घागर निघाली असती ना रंग मोजले गेले असते. चरित्र हे शेवटी द्यायचं असतं, आणि दिल्यावरही विचारायचं, कुठल्या शब्दावरून?

नाव न सांगता कविता देण्याची ही युक्ती माझी नाही. केंब्रिजमध्ये समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांना कवीचं नाव न देता कविता वाटल्या, त्यांना मोकळेपणाने लिहायला सांगितलं, आणि ते कागद अभ्यासून १९२९ साली पुस्तक केलं. त्यात १३ कविता आहेत. वाचताना मला धीर आला तो एका गोष्टीने. इंग्लंडमधल्या एवढ्या नामांकित विद्यापीठातली मुलंही साधा अर्थ लावताना चुकत होती, पाठ केलेली ठरावीक मतं लिहीत होती, आणि नाव दिसत नसल्यामुळे मोठ्या कवींना टाकाऊ ठरवत होती. म्हणजे दोष आमच्या पोरांच्या खेडेगावात नाही. वाचणं शिकावं लागतं, तिथेही आणि इथेही.

आता परीक्षेचं. आमचे प्रश्न कसे असतात ते वाचकांनी बघावं. अमुक कवीच्या काव्याची वैशिष्ट्ये स्पष्ट करा. तमुक कादंबरीतील ग्रामीण वातावरण विशद करा. टीपा लिहा, कोणत्याही दोन. हे प्रश्न वर्षाआड फिरून येतात, त्यांचे 'अपेक्षित' संच झेरॉक्सच्या दुकानात मिळतात, आणि पुस्तक न उघडता त्यांचं उत्तर लिहिता येतं. गेल्या वर्षी घरून लिहून आणायच्या निबंधात मला नऊ कागदांवर 'मानवी अस्तित्वाची गूढ अनाकलनीयता' सापडली. नऊही मुलांना त्यातल्या एकाही शब्दाबद्दल बोलता आलं नाही. चॅटजीपीटीने लिहून दिलं होतं. स्टाफरूममध्ये यावर फार संताप झाला. मला संताप मुलांचा आला नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर न वाचता देता येतं, त्याचं उत्तर काल गाईड देत होतं, आज यंत्र देतं. प्रश्न आमचाच आहे. "तुझ्या वस्तीवर 'गोड पाणी' म्हणजे काय, आणि त्यावरून ही सातवी ओळ वाच" असं विचारलं तर तिला कुठलंही यंत्र पुरं पडणार नाही.

म्हणून माझ्या वर्गात लिहिणं वर्गातच होतं, हाताने, २० मिनिटं, एक पान. पहिला महिनाभर मी शुद्धलेखनाला हात लावत नाही. हे वाचून काही जाणकार रागावतील, पण 'न' आणि 'ण' ची भीती घातली की मूल जी वाक्यं चुकणार नाहीत तेवढीच लिहितं, आणि ती वाक्यं म्हणजे 'प्रस्तुत कवितेत कवीने'. बोलीत लिहिलं तरी चालतं. प्रमाण भाषा दुसऱ्या महिन्यात येते, आणि तेव्हा ती मुलांना हवी असते, कारण आपण पाहिलेलं काहीतरी दुसऱ्यापर्यंत पोचवायचं असतं. पानावर तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत एवढंच मी मागते. तुला काय दिसलं, कुठल्या शब्दात दिसलं, आणि ते दिसल्यामुळे कविता तुझ्यासाठी कशी बदलली. तिसरी गोष्ट सगळ्यांत जड जाते. कित्येकांना ती वर्षअखेरीला जमते.

साहित्याविषयी लिहिणं ही शहरातल्या जाणत्यांची मिरास आहे असं या मुलांना वाटतं. त्यावर मी त्यांना मुक्ता साळवे वाचायला देते. सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेत शिकणारी चौदा वर्षांची मुलगी. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. जे वेद आम्हाला पाहायचीही मुभा नाही, ते आमचे कसे, असा तिचा सवाल आहे. म्हणजे ग्रंथ कुणाचा आणि वाचक कोण, हा प्रश्न मराठीत एका शाळकरी पोरीने विचारून ठेवलाय. आणि मग जोतीरावांचं १८८५ सालचं पत्र. न्यायमूर्ती रानड्यांनी ग्रंथकारांच्या सभेचं निमंत्रण धाडलं, आणि जोतीरावांनी कळवलं की त्या मंडळींच्या पुस्तकांतल्या भावार्थाशी आमचा मेळ बसत नाही. पत्र लहान आहे. पण 'हे लिखाण कुणाच्या अनुभवातून आलंय आणि कुणाला वगळतंय' हे त्यात जितकं रोखठोक विचारलंय, तितकं मी समीक्षेच्या जाड पुस्तकांत क्वचित पाहिलं. मुलांना सांगते, हे दोन्ही साहित्यावरचं लेखनच आहे. एक निबंध, एक पत्र. तुम्हीही यातलं काहीतरी लिहू शकता.

आमच्याच मातीतलं एक उदाहरण सांगते. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', १९५५ सालची. धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला गेलेला तरुण मास्तर ती गोष्ट स्वतः सांगतो, आणि शेवटी दुष्काळात वाडी उठून जाते. मेंढरं घेऊन दरवर्षी जगायला बाहेर पडणाऱ्या घरातला एक मुलगा माझ्या वर्गात होता. त्याने ती रात्री आजोबांना वाचून दाखवली. म्हाताऱ्याला औंधचे राजे वाडीत येतात तो भाग फार आवडला, कारण आमचा काही भाग औंध संस्थानातलाच. पण मुलाने लिहिलेल्या पानात वेगळंच होतं. त्याने लिहिलं, सगळी वाडी मास्तरच्या डोळ्यांनी दिसते, मास्तर चांगला आहे, पण तो शिकवायला आलाय. माझ्या आज्जीला विचारलं असतं तर वाडी उठायची गोष्ट तिने कुठून सुरू केली असती? पुढे त्याने आजीला विचारलं आणि तिने सांगितलेलं लिहिलं. तिने सुरुवात कोंबड्या कुणाकडे ठेवायच्या यापासून केली होती. ते पान मी जपून ठेवलंय. निवेदक, दृष्टिकोन, असले शब्द मी त्याला त्यानंतर दिले. आता ते शब्द त्याच्या उपयोगाचे होते.

अडचणी आहेत. चार क्रेडिटचा पेपर म्हणजे कागदावर ६० तास, हातात येतात त्याहून पुष्कळ कमी. युवा महोत्सव, परीक्षा, पेपर तपासणी, माहिती भरण्याची कामं. कित्येक ठिकाणी मराठीच्या जागा रिकाम्या आहेत आणि तासिका तत्त्वावरचे शिक्षक दोन-दोन कॉलेजांत धावतात. त्यांना शंभर पानं घरी नेऊन वाचायला सांगण्याचा मला अधिकार नाही, म्हणून मीही दर आठवड्याला दहाच पानं बारकाईने वाचते, बाकीच्यांना एकमेकांची वाचायला देते. नेमलेल्या कादंबरीच्या प्रती ग्रंथालयात चार आणि मुलं साठ. यावर आम्ही गावच्या सार्वजनिक वाचनालयाचा आधार घेतला. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली चालणारी ही वाचनालयं तालुक्या-तालुक्यात आहेत, आणि तिथल्या कपाटांत कॉलेजात न मिळणारी पुस्तकं आहेत. आमच्या ग्रंथपालांनी विद्यार्थ्यांना अनामत न घेता पुस्तकं दिली. आजवर एकही हरवलं नाही.

अभ्यास मंडळांवर बसणाऱ्या माझ्या वडीलधाऱ्या आणि सहकारी प्राध्यापकांना एक विनंती आहे. पहिल्या वर्षाच्या प्रश्नपत्रिकेत दहा गुणांचा एक प्रश्न असा ठेवा, की अभ्यासक्रमात नसलेली एक छोटी कविता किंवा उतारा छापायचा, नाव न देता, आणि त्यावर विद्यार्थ्याने पाहिलेलं लिहायला सांगायचं. कुठलीच नोट त्याला लागणार नाही. तपासणाऱ्याला मात्र प्रत्येक उत्तर वाचावं लागेल, हे खरं आहे. आणि पेपरात दहा गुण आले की वर्गात दहा तास आपोआप येतील, कारण आमच्याकडे जे विचारलं जातं तेच शिकवलं जातं. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्याकडेही रांगोळी निघाली, फलक लागला, मला मनापासून आनंद झाला. त्या आनंदाचं पुढे काय करायचं, याचं माझं उत्तर हा दहा गुणांचा प्रश्न आहे.

दुसरी विनंती, संपादक महाशय, आपल्याला. महिन्यातून एकदा, रविवारच्या पुरवणीच्या कोपऱ्यात, दीडशे शब्दांएवढी जागा द्या. एक मराठी कविता किंवा एक उतारा, आणि त्यावर पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने पाहिलेली एक गोष्ट. तज्ज्ञाचं भाष्य नको, बक्षीस नको, फोटोही नको. विद्यार्थ्याचं नाव आणि गाव तेवढं छापा. आमच्या भागातून निवडून पाठवायचं काम मी करीन, इतर जिल्ह्यांतून करणारे शिक्षक मला ठाऊक आहेत, तेही करतील. विहिरीवाल्या मुलीचं पान या पत्रासोबत जोडलं आहे. तिला विचारून, तिच्या हस्ताक्षरात. शुद्धलेखन आम्ही दोघींनी मिळून तपासलंय, पण 'गोडी' आणि 'मचूळ' हे शब्द तिने लिहिले तसेच ठेवलेत. आपणही तसेच ठेवावेत.

आपली विश्वासू,
मराठीची एक प्राध्यापिका, माणदेश
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)